सुईच्या आधी, सुईच्या नंतर

पोरांनो, डीएमएलटी संपवून लॅबमध्ये रुजू झालात की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, व्हेन पटकन कशी सापडेल?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी देईनच. पण हात बसायला फार दिवस लागत नाहीत. सीनियरच्या शेजारी उभं राहून बघितलं, बोटानं चाचपायची सवय लावून घेतली, की व्हेन सापडू लागते. सुई आत जाऊन बाहेर येण्याचं काम मिनिटभराचं. पेशंटचं आणि आपलं खरं नुकसान होतं ते त्या मिनिटाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. नाव न विचारता हात धरला, लेबल मागाहून लावू म्हणून बल्ब तसाच ट्रेमध्ये ठेवला, टोपण लावताना वापरलेली सुई स्वतःच्याच बोटात घुसली. कायदाही मुख्यतः याच दोन वेळांबद्दल बोलतो. म्हणून माझे बहुतेक कानमंत्र सुईच्या आधीचे आणि नंतरचे आहेत. पहिल्या दिवसापासून ते अंगवळणी पाडा, कारण गर्दीत माणूस सवयीनंच वागतो.

नाव त्यांच्या तोंडून येऊ द्या

"तुम्ही कदमबाई ना?" असं कधीही विचारू नका. सकाळपासून उपाशी, रांगेत उभं राहून कंटाळलेला, कानानं थोडं कमी ऐकणारा माणूस कशालाही "हो" म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा आणि ते सांगत असताना डोळे फॉर्मवर ठेवा. नावाच्या जोडीला दुसरी ओळख लागतेच. जन्मतारीख किंवा केस पेपरवरचा नोंदणी क्रमांक. आमच्याकडच्या कितीतरी आज्यांना जन्मतारीख ठाऊक नसते. त्यांना वय विचारा, गाव विचारा, पण क्रमांक पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेड नंबरला ओळख समजू नका. रात्रीतून बेड बदलतात आणि सकाळी यादी जुनीच असते. पेशंट बेशुद्ध असेल तर मनगटावरचा बँड बघा आणि सिस्टरांकडून किंवा नातेवाइकांकडून खात्री करून घ्या.

लेबल रक्त घेतल्यावर लावायचं, पेशंटसमोरच, तिथून पाऊल उचलण्याआधी. आधीच नाव लिहून ठेवलेला रिकामा बल्ब फार धोक्याचा. एखाद्याची व्हेन मिळत नाही, त्याचा बल्ब ट्रेमध्ये उरतो आणि घाईत त्यात दुसऱ्याचंच रक्त जातं. शुगरच्या रिपोर्टमध्ये असा घोळ झाला तर औषध चुकतं. क्रॉसमॅचच्या सॅम्पलमध्ये झाला, तर चुकीच्या गटाचं रक्त चढून माणूस जिवाला मुकू शकतो. लेबलवर नाव, क्रमांक, तारीख, वेळ आणि स्वतःची सही लिहा. वेळ टाळू नका. जेवणानंतरच्या शुगरला वेळेशिवाय काहीच अर्थ नसतो.

परवानगी म्हणजे काय, ते समजून घ्या

पेशंटनं बाही वर करून हात पुढे केला, तर साध्या तपासण्यांसाठी ती संमती धरली जाते. तरी रक्त कशासाठी घेतोय ते एका वाक्यात सांगा. "डॉक्टरांनी थायरॉइड आणि शुगर सांगितलीय, दोन बल्ब घेईन, पाच-सहा मिली होईल." एवढं सांगितलं की निम्मी भीती जाते. "नको" म्हणाले, तर हात बाजूला घ्या, डॉक्टरांना कळवा आणि कागदावर नोंद करा. सज्ञान, शुद्धीत असलेल्या माणसाचा हात धरून जबरदस्तीनं सुई टोचली तर कायद्याच्या नजरेत तो गुन्हा ठरू शकतो, मग हेतू कितीही चांगला असो. मूल असेल तर आई-वडिलांना विचारा. बाईचं रक्त घेणारा पुरुष टेक्निशियन असेल, तर तिचं माणूस किंवा सिस्टर सोबत असू द्या. यात दोघांचंही रक्षण आहे.

एचआयव्हीची गोष्ट वेगळी. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. माहिती देऊन घेतलेली संमती, तपासणीआधी समुपदेशन आणि नंतरही समुपदेशन, हे त्यात स्पष्ट सांगितलं आहे. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत एचआयव्हीची खूण करून कागद आला, तर संमतीची नोंद आहे का ते आधी बघा. नसेल तर फॉर्म परत पाठवा. निकाल काय आला, ते कॉरिडॉरमध्ये, चहाच्या टेबलावर, पेशंटच्या गाववाल्याला, कुणालाही बोलायचं नाही. फाइलवर लाल शाईनं ठळक शेरा मारायची पद्धत काही ठिकाणी होती. ती बेकायदा आहे आणि माणूस म्हणूनही वाईट आहे. तुमची काळजी प्रत्येक सॅम्पलला सारखीच असेल, तर तसल्या खुणेची गरजच पडत नाही.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गर्भवती बाईच्या रक्तावरून बाळाचं लिंग सांगणाऱ्या तपासण्या निघाल्या आहेत. कुणी घरी बोलावून, जास्त पैसे देऊन "फक्त रक्त घेऊन कुरियर करा" म्हणालं, तर दारातूनच परत फिरा. गर्भलिंगनिदान प्रतिबंधाच्या १९९४ च्या कायद्यात सोनोग्राफीसोबत गर्भवतीच्या रक्ताच्या तपासणीचाही समावेश आहे. रक्त घेणारा हातही त्या गुन्ह्यात सामील होतो.

बसवण्याआधी चार प्रश्न

काय खाल्लंय आणि कधी? फास्टिंग म्हणजे आठ ते बारा तास पोटात फक्त पाणी. "चहाच घेतला, अर्धा कप" हे उत्तर रोज ऐकाल. त्यावर रागावू नका, पण सॅम्पलही घेऊ नका. उद्या बोलवा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर नंतर जास्त वेळ दाबून धरावं लागेल, हे आधीच मनाशी धरा.

याआधी रक्त देताना चक्कर आली होती का? आली असेल तर सरळ झोपवून घ्या. धडधाकट तरुण पोरंच जास्त करून कोसळतात, म्हणून स्टुलावर कुणालाही बसवू नका. हात असलेली खुर्ची हवी.

कुठला हात टाळायचा? डायलिसिसचा फिस्टुला असलेला हात, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेली बाजू, सूज किंवा भाजल्याचे व्रण असलेला हात आणि सलाईन चालू असलेला हात. सलाईनच्या वरच्या बाजूनं घेतलेल्या रक्तात सलाईन उतरतं. मग हिमोग्लोबिन कमी दिसतं, सोडियम आणि शुगर वाट्टेल ती दिसते आणि डॉक्टर त्या आकड्यांवर उपचार करत बसतात.

लहान मुलांना "काही होत नाही" असं खोटं सांगू नका. "थोडं दुखेल, मी दहा म्हणेपर्यंत" असं सांगा आणि दहाच म्हणा. नवजात बाळाच्या टाचेतून घ्यायचं असेल तर टाचेच्या कडेला टोचा, मधोमध कधीच नाही, तिथे हाड अगदी वर असतं. आणि रक्त मोजून घ्या. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून अडीचशे मिलीच्या आसपास रक्त असतं.

आता ते मिनिट

हात धुवा, नवे ग्लोव्हज घाला. एका पेशंटचे ग्लोव्हज दुसऱ्याला चालत नाहीत. व्हेन नीट लागावी म्हणून ग्लोव्हच्या तर्जनीचं टोक कापून टाकणारे काही जण भेटतील. त्यांचं अनुकरण करू नका. पातळ, मापाचा ग्लोव्ह घाला, बोटाला सगळं कळतं.

टूर्निकेट कोपराच्या खळीपासून चार बोटं वर बांधा. एका मिनिटाच्या वर ठेवू नका. शोधण्यात वेळ गेला तर सोडा, दोन मिनिटं थांबा, परत बांधा. जास्त वेळ आवळून ठेवलं की रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि प्रोटीन, कॅल्शियम वाढलेलं दिसतं. पेशंटला मूठ मिटायला सांगा, पण उघडझाप करायला लावू नका. त्यानं पोटॅशियम खोटं वाढतं.

आता डोळे बाजूला ठेवा आणि तर्जनीवर भरवसा ठेवा. व्हेन दाबली की दबते आणि सोडली की बोटाला हळूच वर ढकलते. ठोके लागले तर ती आर्टरी. दोरीसारखं कडक लागलं आणि दबलं नाही तर टेंडन. पहिली पसंती कोपराच्या मधल्या व्हेनला, मग बाहेरच्या, अंगठ्याकडच्या बाजूच्या व्हेनला. आतल्या बाजूची बॅसिलिक व्हेन दिसायला ठसठशीत असते, म्हणून नव्या हाताला मोह होतो. पण तिच्या शेजारूनच मोठी आर्टरी आणि नर्व्ह जाते. ती शेवटचा पर्याय.

स्पिरिटनं जागा अर्धा मिनिट नीट पुसा आणि अर्धा मिनिट सुकू द्या. ओल्या स्पिरिटवर सुई टोचली की आग होते आणि रक्त हिमोलाइज होऊ शकतं. लवकर सुकावं म्हणून फुंकर घालू नका. पुसल्यावर परत बोट लावू नका. लागलंच, तर परत पुसा.

म्हाताऱ्या माणसांची व्हेन सुई लागताच सरकते. त्यावर उपाय दुसऱ्या हातात आहे. सुई जिथे टोचायची त्याच्या दोन-तीन बोटं खाली अंगठ्यानं कातडी घट्ट ताणून धरा आणि अंगठा ढिला पडू देऊ नका. सुईचं तोंड वर, कोन १५ ते ३० अंशांचा. नेहमीच्या माणसाला हिरव्या टोकाची २१ नंबरची सुई. व्हेन नाजूक असेल तर २३ ची निळी किंवा स्कॅल्प व्हेन. घाबरत घाबरत सुई ढकललीत तर व्हेन निसटते. एकदा ठरवलं की सावकाश पण न थांबता आत जा. कातडीतून जाताना लागणारा अडसर व्हेनमध्ये शिरल्यावर एकदम सुटतो, तो बोटांना कळतो. तिथे थांबा.

पेशंट म्हणाला की झटका बोटांपर्यंत गेला, तर नर्व्हला लागलंय. त्याच क्षणी सुई काढा, तिथे परत टोचू नका, डॉक्टरांना सांगा. लालभडक रक्त ठोक्याठोक्यानं आलं तर आर्टरी आहे. सुई काढा, किमान पाच मिनिटं स्वतः दाबून धरा आणि कळवा. आत सुई फिरवून व्हेन धुंडाळत बसू नका. दोन वेळा प्रयत्न फसला की दुसऱ्याला बोलवा. सीनियरला हाक मारण्यात कमीपणा नाही, तिसऱ्यांदा टोचण्यात मात्र आहे.

बल्बचा क्रम पाठ करा: कल्चरच्या बाटल्या, निळा, लाल किंवा पिवळा, हिरवा, जांभळा, करडा. यामागे कारण आहे. जांभळ्या बल्बमधल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियम असतं. त्याचा अंश पुढच्या प्लेन बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं आणि कॅल्शियम पडलेलं दिसतं, आणि धडधाकट माणसाला हृदयाच्या काळजीनं आयसीयूत हलवलं जातं. याच कारणानं एका बल्बमधलं रक्त दुसऱ्यात कधीही ओतू नका. निळा बल्ब खुणेपर्यंतच भरा, कारण एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हे प्रमाण बिघडलं की पीटीचा निकाल बिघडतो. कल्चर असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी घ्या. बल्ब घुसळू नका, अलगद उलटसुलट करा. ईडीटीए आठ-दहा वेळा, सायट्रेट तीन-चार वेळा. सिरिंजनं घेतलं असेल तर सुई लावून बल्बमध्ये जोरानं ढकलू नका, पेशी फुटतात.

आणि हा मंत्र झोपेतही आठवला पाहिजे: आधी टूर्निकेट सोडा, मग सुई काढा. उलट केलंत तर हात काळानिळा होणारच.

सुई बाहेर आल्यावर

कापूस ठेवा आणि हात सरळच ठेवून दाबायला सांगा. आपल्याकडे सगळे कोपर दुमडून घेतात. दुमडल्यानं कापूस सरकतो आणि हात उघडताच कातडीखाली रक्त साचतं. रक्त थांबलंय हे स्वतः बघा आणि मगच पेशंटला उठू द्या.

सुईवर टोपण परत लावू नका. एका हातानं लावलं तरी नाही, "फक्त ट्रेपर्यंत न्यायची आहे" म्हणूनही नाही. सुई जिथे काढली तिथेच, हाताच्या अंतरावर निडल कटर हवा. नसेल तर कामाला सुरुवात करण्याआधी मागून घ्या. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जातात. सुई काढलेली सिरिंज, ग्लोव्हज, प्लॅस्टिकचे बल्ब लाल पिशवीत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. काच निळ्या खोक्यात. उरलेल्या सॅम्पलवर लॅबमध्येच प्रक्रिया करून मगच ती बाहेर द्यायची असतात. तुम्ही चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई तुम्हाला टोचणार नाही, पिशवी उचलणाऱ्या मावशींना टोचेल. हे कायम डोळ्यांसमोर ठेवा.

एवढं करूनही सुई लागली, तर घाबरू नका आणि लपवू तर मुळीच नका. बोट तोंडात घालू नका, पिळू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि लगेच ड्यूटी डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही टाळणारी औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरला जात नाही. एकदा सुरू केली की २८ दिवस पूर्ण घ्यायची. ती मिळवून देणं २०१७ च्या कायद्यानं संस्थेवर बंधनकारक आहे, कुणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही. घटनेची लेखी नोंद करायला लावा.

एचआयव्हीबाधित सुईतून लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हिपॅटायटिस बीची मात्र लस न घेतलेल्याला शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे लस घ्या. तीन डोस: आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासून घ्या. ही लस कर्मचाऱ्यांना देण्याची जबाबदारी त्याच कचरा नियमांनी संस्थेवर टाकली आहे. मागताना संकोच करू नका.

पोलीस सोबत आले, तर

रात्रीच्या ड्यूटीला हवालदार एखाद्या ड्रायव्हरला घेऊन येतात आणि म्हणतात, "जरा रक्त घ्या याचं." तोंडी सांगण्यावरून सुई उचलू नका. असं रक्त नोंदणीकृत डॉक्टरच घेतात. आपण त्यांच्या सांगण्यावरून, त्यांच्या मदतीला उभे राहतो. आरोपी बाई असेल तर तपासणी महिला डॉक्टरनं किंवा तिच्या देखरेखीखाली करायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं ५१ वं कलम हे सांगतं.

दारूच्या तपासणीत एक गोष्ट नेहमीपेक्षा उलटी आहे: स्पिरिट चालत नाही. दारूबंदी कायद्याखाली १९५९ साली केलेले वैद्यकीय तपासणीचे नियम महाराष्ट्रात अजून महत्त्वाचे आहेत. कातडी निर्जंतुक पाण्यानं पुसायची, कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नको, रक्त ५ सीसीपेक्षा कमी नको, बाटलीत अँटिकोॲग्युलंट आणि प्रिझर्वेटिव्ह हवं, लेबल हवं आणि लाखेचं सील हवं. ते तपासणी अधिकाऱ्याकडे सात दिवसांच्या आत पोचायला हवं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. नेहमीचा स्पिरिटचा बोळा सवयीनं फिरवलात, तर कोर्टात बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारेल, आणि तो बरोबर विचारेल. मग खरा दोषी सुटेल, नाहीतर निर्दोष माणूस नाहक अडकेल.

आपली हद्दही ओळखा. परावैद्यक परिषदेची नोंदणी करून घ्या. रक्त घेणं, तपासणी चालवणं हे आपलं काम. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. कुणी "तुम्हीच सही मारा" म्हणालं, तर नाही म्हणा.

शंका आली, तर टाकून द्या

होम कलेक्शन करणाऱ्यांनी उन्हाळ्यात सॅम्पल डिकीत उघडी ठेवू नयेत. थंड पेटी वापरा, पण बर्फाचा पॅक बल्बला चिकटू देऊ नका, रक्त गोठून पेशी फुटतात. प्लेन बल्बमधलं रक्त नुसतं पडून राहिलं तर शुगर तासाला शंभरात पाच-सातानं उतरते, म्हणूनच करड्या टोपणाचा फ्लोराइड बल्ब. बिलिरुबिनचा बल्ब उजेडापासून झाका. सीरम दोन तासांच्या आत वेगळं करा.

आणि सॅम्पल हिमोलाइज झालं, गुठळी झाली, लेबल पुसट झालं, बल्ब कुणाचा याची खात्री राहिली नाही, तर ते मशीनवर चढवू नका. अंदाजानं नाव लिहू नका. पेशंटला फोन करा आणि स्पष्ट सांगा, "तुमचं सॅम्पल नीट आलं नाही, परत घ्यावं लागेल, त्याचे पैसे लागणार नाहीत." माणसं चिडतात, त्यांचं ऐकून घ्या. मशीन त्याच्यासमोर येईल त्या रक्ताचा आकडा देतं. डॉक्टर त्या आकड्यावर औषध लिहितात आणि पेशंट ते मुकाट घेतो. ते रक्त कुणाचं होतं, कुठल्या हातातून, किती वाजता आणि कसं घेतलं, हे त्या साखळीत एकट्या तुम्हालाच ठाऊक असतं. तुम्ही गप्प राहिलात तर चूक पकडणारं पुढे कुणीही नाही. म्हणून जे माहीत आहे ते लिहा, आणि जिथे खात्री नाही तिथे दुसरं सॅम्पल घ्या.